सावलीची बाजू

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नागपूरला मावशीकडे जायचो. गाव देवळी तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं. फाट्यावर येऊन एसटीची वाट पाहायची, वर्ध्याला उतरायचं, तिथून नागपूरची गाडी धरायची. गाडी नीट थांबायच्या आत आई खिडकीतून रुमाल आत टाकायची, आणि तो रुमाल दरवेळी डाव्या बाजूच्या सीटवर पडायचा. उजवीकडे अख्खा बाक मोकळा दिसत असला तरी डावीकडेच. मे महिन्यात उन्हाच्या बाजूला बसणं काय असतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. खिडकीच्या पत्र्याला कोपर लागलं की चटका, आणि हवा आत येते तीही भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी.

सात-आठ वर्षांची असताना मी आईला विचारलं होतं, सकाळी जाताना डावीकडे बसलो, मग येताना उजवीकडे बसायला पाहिजे ना? आपण तर उलट्या दिशेने चाललो. आई म्हणाली, "आपलं तोंड फिरलं, तं सूर्य बी फिरला नं. जाताना डाव्या हाताले, येताना बी डाव्याच."

हे समजायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. देवळीहून नागपूर ईशान्येला. सकाळी तिकडे तोंड केलं की सूर्य उजव्या अंगाला येतो. संध्याकाळी नैर्ऋत्येकडे घरी परतताना सूर्य पश्चिमेला गेलेला असतो, म्हणजे पुन्हा उजव्याच अंगाला. सावली दोन्ही वेळा डावीकडे. आईने होकायंत्र कधी हातात धरलेलं नाही. पण घरातून निघताना गाव कुठे, सूर्य कुठे आणि आपलं तोंड कुठे एवढं ती मनात मांडून घ्यायची, आणि तिचा रुमाल कधी चुकला नाही.

मी लग्न होऊन ठाण्याला आले आणि नागपूर-मुंबई विमानाने जाणं-येणं सुरू झालं, तेव्हा तिकिटावरची ती चौकोनांची रांग पाहून मला पहिल्यांदा आईचा रुमालच आठवला. ए की एफ? डावी की उजवी? बरोबरचे लोक पायाला जास्त जागा कुठे मिळते, लवकर उतरता कुठून येतं, हे बघतात. मला खाली काय दिसणार ते हवं असतं. खाली माझं गाव आहे.

आणि ते गाव पाहायची हौस नुसती माझी नाही. आमच्याकडे विमान ही वर पाहायची वस्तू होती. आजोबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी रात्री जागलीला गेलं की टपालाचं विमान ऐकू यायचं. त्यात तथ्य होतं. १९४९ पासून नागपूरला रात्रीच्या टपालाची व्यवस्था होती: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात येत, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलत आणि उजाडायच्या आत आपापल्या शहरी परतत. मुंबईचं विमान आमच्याच बाजूने येत असणार. माचणावर घोंगडी पांघरून बसलेला माणूस त्या आवाजावरून रात्र किती झाली ते ओळखायचा. आमच्या लहानपणी दिवसा फार उंचावरून पांढरी रेघ ओढत जाणारी विमानं दिसायची. आम्ही पऱ्हाटीचा कापूस वेचता वेचता वर बघायचो आणि बाबा म्हणायचे, "त्याईले आपण दिसत असन का?"

बाबा विमानात कधी बसले नाहीत. त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला आईला घेऊन जायचं होतं.

पहिल्या वेळेला सगळं चुकलं. आई अडुसष्ट वर्षांची, पहिलाच विमानप्रवास. मी खिडकीसाठी वेगळे पैसे भरले, डावी बाजू घेतली, पंखाच्या पुढची रांग बघून घेतली. आत जाऊन पाहते तर त्या जागेशेजारी खिडकीच नाही. पुढे एक खिडकी, मागे एक खिडकी, आणि आईच्या खांद्याशी नुसती करड्या प्लास्टिकची भिंत. आई बसली, पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "मले भिताडापाशी बसवलं का वं?" विमान भरलेलं होतं, जागा बदलून मिळाली नाही. दीड तास तिने समोरच्या सीटच्या फटीतून पुढच्या माणसाच्या खिडकीतलं ढगांचं पांढरं पाहिलं. उतरल्यावर मी तक्रार लिहिली, उत्तर आलं नाही. पैशांपेक्षा आईची ती वेळ गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी ही गोष्ट नीट समजून घ्यायला बसले. विमानाच्या खिडक्या सांगाड्याच्या फासळ्यांच्या मधे, ठरलेल्या अंतरावर असतात. कारखान्यात एकदा बसल्या की बसल्या. सीट मात्र खालच्या रुळांवर सरकवता येतात, आणि कंपनी आपल्याला किती माणसं बसवायची त्यावर रांगांतलं अंतर ठरवते. म्हणून खिडकी आणि सीट यांचा मेळ कुठे बसतो, कुठे नाही. काही रांगांत खिडकी बरोबर डोळ्यांसमोर, तर काहींत मान मागे वळवावी लागते. बोइंग ७३७ मधे पंखाच्या थोडं पुढे हवा खेळवण्याचा नळ भिंतीतून वर छताकडे जातो, तिथे एका जागेची खिडकीच गाळलेली असते. आमच्या वाट्याला तीच आली होती. आता मी तिकीट काढताना विमान कोणतं ते आधी बघते, आणि त्या विमानाच्या कोणत्या रांगेतून काय दिसतं ते आधी बसून गेलेल्यांना विचारते. तरी आयत्या वेळी विमान बदललं तर इलाज नसतो.

आपल्याकडे जास्त करून फिरणारी एअरबस ३२० घ्या. तीन-तीनच्या रांगा, तोंड पुढे केलं की डाव्या भिंतीला ए, उजव्या भिंतीला एफ. साधारण दहाव्या रांगेपासून विसाव्या-एकविसाव्यापर्यंत खाली पंख येतो. तिथली खिडकी म्हणजे दीड तास राखाडी पत्रा बघणं. पंखाच्या मागे बसलं तर जमीन दिसते, पण इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेने खालचं सगळं थरथरतं, चुलीच्या वरून पलीकडचं बघावं तसं. शेतातले धुरे म्हणजे बांध, नाल्याची वळणं असलं बारीक बघायचं असेल तर पंखाच्या पुढची जागा घ्यावी, पहिल्या आठ रांगांतली. तिथे पैसे जास्त पडतात. ज्याला ते परवडत नाहीत त्याने पार मागे, शेपटीकडे जावं. तिथे पंख मागून तिरका दिसतो, थरथर थोडी असते, पण जमीन भरपूर मिळते. मधल्या रांगा मात्र मी कुणालाच सांगणार नाही.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो तिथे एटीआर ७२ आलं याचा. त्या विमानाचा पंख खिडक्यांच्या वर असतो, माणसाने डोक्यावर पाटी धरावी तसा. म्हणजे खाली बघायला आडवं येणारं फारसं काही नाही. ते जेटसारखं फार उंच जात नाही, २५,००० फुटांच्या आतच राहतं, आणि वेगही कमी, त्यामुळे जमीन जवळून आणि सावकाश सरकते. मधल्या जागेवर बसलं तर चाकं पोटातून बाहेर येताना आणि धावपट्टीला टेकताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. चढायचं दार मागच्या बाजूला, सामानाचं पुढे, म्हणून मागे बसणारा आधी उतरतो. पंखाच्या जरा पुढे पंख्याची पाती येतात आणि आवाजही तिथेच जास्त, तेवढी रांग सोडावी. वऱ्हाडातल्या माणसाने आपला मुलूख पहिल्यांदा वरून बघायचा असेल तर मी याच विमानाचं नाव घेईन.

आता बाजू. इथे आईच्या गणिताशी माझं भांडण झालं.

नागपूरहून मुंबई पश्चिमेला आणि जरा दक्षिणेला झुकलेली. सरळ रेघ ओढली तर वर्धा नदी ओलांडून धामणगाव, चांदूर रेल्वे, मग कारंजा लाडच्या वरून वाशीम-बुलढाण्याकडे, पुढे छत्रपती संभाजीनगर आणि शेवटी हरिश्चंद्रगड-माळशेजचा घाट उतरून मुंबई. या रेघेच्या डाव्या हाताला पुलगाव आणि आमचं गाव, त्याच हाताला लोणारचं सरोवर, त्याच हाताला पैठणचा नाथसागर. उजव्या हाताला पूर्णेचं खोरं, खारपाणपट्टा आणि हवा स्वच्छ असेल तर पार टोकाला मेळघाटाची निळी रेघ. उजवीकडचंही सुंदर आहे, पण ते दुरून. आमचं सगळं डावीकडे.

आणि सकाळच्या विमानात सूर्य डावीकडेच. आईच्या हिशोबाने बसायचं उजवीकडे. विमानातही तिचा नियम तसा खराच आहे: उन्हाच्या बाजूला काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो, खालची जमीन धुरकट दिसते, फोटो पांढरे येतात. सावलीच्या बाजूला रंग खरे दिसतात. काहीच माहीत नसलेल्या माणसाला मी तोच नियम सांगते, सूर्य कुठे आहे ते बघ आणि उलट बाजूला बस.

ढगांच्या दिवसांत तर सावलीच्या बाजूलाच खरी गंमत असते. एकदा सप्टेंबरअखेर सकाळी दहाच्या सुमाराला मी उजवीकडे होते. खाली कापूस पिंजून पसरावा तसे ढग, त्यावर आमच्या विमानाची इवलीशी सावली पळत होती, आणि त्या सावलीभोवती रंगांचं गोल कडं. आत निळसर, बाहेर तांबूस, त्याच्या बाहेर पुन्हा एक फिकट कडं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून लोक जे इंद्रवज्र बघायला पहाटेपासून जाऊन बसतात, तेच हे. ढगातल्या पाण्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश आल्या वाटेने मागे फिरतो म्हणून ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेलाच उमटतं. त्याचा मध्य बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या सावलीवर असतो, म्हणजे ढग जवळ आले आणि सावली मोठी झाली की आपण विमानात कुठल्या रांगेत बसलोय तेही त्यावरून कळतं. प्रत्येकाला दिसतं ते कडं त्याचं एकट्याचं असतं.

पण आईला गाव दाखवायचं होतं, म्हणून डावी बाजूच हवी होती. मग मी ऋतू आणि वेळ यांची जुळवाजुळव केली. मार्च ते मे धूळ आणि वाफ, खालचं सगळं भुरकट. जून ते सप्टेंबर ढगांचा भरवसा नाही. ऑक्टोबर छान, हवा धुतल्यासारखी, पण तेव्हा सोयाबीन काढणीचा हंगाम आणि आई घर सोडायला तयार नसते. राहिला डिसेंबर. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि खालून खालूनच चालतो. सकाळी आठ-साडेआठला मुंबईकडे तोंड केलेल्या विमानाच्या तो डावीकडे पण मागच्या अंगाला असतो. पंखाच्या पुढे बसून जरा पुढच्या दिशेला पाहिलं, तर ऊन पाठीमागून येतं, डोळ्यांत येत नाही. आणि ते तिरपं असतं. तिरप्या उन्हात जमिनीचा उंचसखलपणा उठून दिसतो, दुपारी बारा वाजता तीच जमीन पोळपाटासारखी सपाट वाटते. आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजे ऊन पाठीवर घेऊन बसाचं. हिवाळ्यात तसंच बसतेत."

आम्ही तशाच बसलो. सहावी रांग, ए. आई खिडकीशी, मी मधे.

विमान सुटायच्या आधी हवाई सुंदरीने येऊन खिडकीचं झाकण वर करायला सांगितलं. उडताना आणि उतरताना झाकणं उघडी ठेवायची असतात, काही बिघडलं तर आतल्या माणसांना बाहेरचं दिसावं आणि डोळे बाहेरच्या उजेडाला सरावलेले असावेत म्हणून. आईला हा नियम फार आवडला. विमान वायव्येकडे उडालं आणि डावीकडे वळलं. वळताना आमची बाजू खाली झुकली, अख्खी जमीन खिडकीत भरली आणि आईने माझं मनगट घट्ट धरलं. बोलली काही नाही.

मग तिने खिडकी पाहिली. म्हणजे बाहेरचं नाही, खिडकीच. काचेच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकाने पाडावं तेवढं एक भोक होतं आणि त्याच्याभोवती हळूहळू दव गोठून पांढरी नक्षी तयार होत होती, रांगोळीच्या ठिपक्याभोवती बारीक पाकळ्या काढाव्यात तशी. आईने त्यावर बोट ठेवलं. "इथून हवा येते का बाहेरची?" बाहेरची येत नाही. खिडकीला तीन पदर असतात. बाहेरचा पदर सगळा दाब पेलतो, मधला त्याला राखीव, आणि आपण बोट लावतो तो आतला नुसता ओरखड्यांपासून जपायला. भोक मधल्या पदराला असतं, त्यातून आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पदरापर्यंत पोचतो आणि काचांमधली वाफ निघून जाते, म्हणून खिडकी धुकत नाही. मी हे सांगेपर्यंत आईचं लक्ष खाली गेलं होतं.

"तो पूल," ती म्हणाली.

वर्धा नदी. डिसेंबरातलं पाणी, मधे वाळूची बेटं, काठाला पांढुरके दगड, आणि त्यावरून आडवा गेलेला पुलगावचा रेल्वेचा पूल. ज्या पुलावरून आम्ही शंभर वेळा गेलो आणि दरवेळी नदीला नाणं टाकलं, तो काडीपेटीतल्या काडीएवढा. त्या पुलावरून आईने सुरुवात केली. नदीच्या काठाने बोट काचेवर फिरवत आली. इथं नदी वळते. इथं नाला मिळते. इथं तळं. मग घरांचा छोटा पुंजका, पत्र्यांवर ऊन चमकलं. "हेच."

घर कोणतं ते ओळखू येण्यासारखं नव्हतं. साधारण सात किलोमीटर उंचीवरून आणि तिरप्या अंतरावरून आपला कोठा कुठला हे शोधायला जाऊच नये. पण आईला घर नकोच होतं. तिचं बोट पांदणीने पुढे गेलं आणि वावरांवर थांबलं. पऱ्हाटीचे तपकिरी तुकडे, हरभऱ्याचे हिरवे, तुरीच्या पिवळट ओळी, मधे नांगरून ठेवलेली काळी माती. त्या सगळ्या तुकड्यांमधून, कुणाचाही धुरा न जुमानता, एक गर्द पट्टा सापासारखा वळत वळत गेला होता. पऱ्हाटीत तो जास्त हिरवा, नांगरलेल्या मातीत जास्त काळा. एका वावरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा निदान किलोमीटरभर, आणि शेवटी आजच्या नाल्याला जाऊन मिळालेला.

आमच्या वावरात एक पट्टी होती. तिथली पऱ्हाटी दरसाल बाकीच्यापेक्षा टोंगळाभर, म्हणजे गुडघाभर, उंच यायची, आणि जास्त पाऊस झाला की तिथेच पाणी धरून पिवळी पडायची. बाबा म्हणायचे, इथून आधी नाला वाहे. शेजारचे हसायचे, आमच्या बापजाद्यांनी तर नाला तिकडेच पाहिला म्हणायचे. बाबांनी ती पट्टी नांगरताना कधी वेगळी नांगरली, तिथे तूर लावून पाहिली, एकदा चर खणून पाणी काढून दिलं. पण आपल्या धुऱ्याच्या आत उभ्या माणसाला आपल्यापुरते चाळीस पावलं दिसतात. पुढच्या वावरात तोच पट्टा पुढे गेलाय हे पुढच्यालाच माहीत, आणि त्याला वाटतं आपल्याच मातीत काही खोट आहे.

जुन्या पात्रात गाळ भरतो, वर नांगर फिरतो, जमीन सपाट होते. पण खालची माती वेगळीच राहते, ओल जास्त धरते, आणि वरचं पीक ती ओल दाखवत राहतं. पुराणवस्तूंचा शोध घेणारे लोक याच खुणांवरून बुजलेल्या भिंती आणि खंदक वरून हुडकतात. हे मी वाचलेलं होतं. आईने ते वाचलेलं नव्हतं. तिने काचेला कपाळ लावलं होतं. ती म्हणाली, "त्याईचं खरं होतं."

मी फोटो काढायला विसरले. दोन मिनिटांत ते सगळं मागे गेलं.

त्यानंतर आई खिडकी सोडायला तयार नव्हती. समृद्धी महामार्गाची आखीव पांढरी रेघ तिने स्वतः ओळखली. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता नदी-नाल्यांच्या वळणांमधे एकटाच ताठ दिसतो. पुढे जमीन पायऱ्या-पायऱ्यांची झाली. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा सगळा दगड बनलाय. त्याला ट्रॅप म्हणतात, आणि तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात मी तो पाठ केला होता, पण पायऱ्या दिसल्या त्या या खिडकीतून.

उडून पंचवीसेक मिनिटं झाली असतील तेव्हा मी आईला डावीकडे लांबवर पाहायला सांगितलं. लोणारचं सरोवर सरळ रेघेपासून तीसेक किलोमीटर दक्षिणेला पडतं, त्यामुळे हवा स्वच्छ असली तरच दिसतं, आणि नेमका कोणता क्षण ते माहीत असलं तर. दिसलं. सपाट माळात कुणीतरी अंगठा दाबून काढावा तशी वाटी, कडेला झाडीची गर्द किनार, तळाला पाण्याचा हिरवट डाग. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर असलेलं ते विवर लांब केलेल्या हाताच्या दोन बोटांएवढं रुंद दिसत होतं. आई आणि बाबा लग्नानंतर लोणारला गेले होते, दैत्यसूदनाचं मंदिर पाहिलं, खाली उतरून धारेवर अंघोळ केली, खाऱ्या पाण्याजवळ उभे राहिले. खाली उभं राहिलं की चहूबाजूंनी डोंगर वाटतो. आता आईला दिसलं की डोंगर नव्हताच, खड्डा होता. बसाल्टच्या कठीण खडकावर आभाळातून दगड आदळून झालेला. तिला दगडाची गोष्ट माहीत होती. २०२० च्या जूनमधे पाणी गुलाबी झालं तेव्हा तिने टीव्हीवर पाहिलं होतं. तिने एकच विचारलं, "तो पडला तवा आपल्या गावात आवाज आला असन का?"

त्यापुढचं फार सांगत नाही. नाथसागर धुक्यात गेला. घाटावर कडे सोनेरी होते, ते उजवीकडच्या लोकांना जास्त दिसले. मुंबईत उतरताना विमान बहुतेक वेळा पूर्वेकडून येतं. तेव्हा डावीकडे खाडी आणि नवी मुंबई, उजवीकडे पवईचा तलाव. आई तोवर थकली होती.

महिनाभर ती ठाण्याला राहिली. परतीचं तिकीट काढताना मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "येताना एफ घे." मी तिच्याकडे पाहिलं. "एसटीत सावली पाहाची होती, तवा सूर्य आपल्यासंगं फिरे. गाव कुठी फिरते? ते आहे तिथंच आहे. मंग आपल्यालेच हात बदलावा लागन."

जागा एफ मिळाली, पण विमान संध्याकाळचं होतं आणि उशिरा सुटलं. वाशीमच्या पुढे अंधार पडला. मला वाईट वाटत होतं, एवढं सगळं जुळवून शेवटी काळोख. आई मात्र काचेला दोन्ही हातांची ओंजळ लावून, आतला उजेड अडवून बघत होती. मी वरचा दिवा बंद केला. अंधारात गावं दिसत होती, मुठीने ज्वारी फेकावी तशी विखुरलेली. नदीची काळी पट्टी आली, पुलगावचे दिवे आले, आणि त्यांच्या खालच्या अंगाला एक अगदी बारीक पुंजका. विमान खाली येत होतं, त्यामुळे जातानाच्यापेक्षा जवळ. गावाच्या बाहेर, जिथे वावरं असायला पाहिजेत तिथल्या गडद काळ्यात, एक ठिपका हलत होता. थांबला, पुन्हा हलला.

शेतीला थ्री फेज लाईट आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की जानेवारीच्या थंडीत बॅटरी घेऊन गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागतं. बाबा असेच जायचे, डोक्याला मफलर गुंडाळून, आणि आई दारात कंदील ठेवून जागी राहायची.

"रातची लाईट दिसते या हप्त्यात," आई म्हणाली. "कोनी तं ओलीत करून राह्यलं. नाल्याच्या अंगालेच आहे."

ठिपका खिडकीच्या मागच्या कडेशी गेला. आईने मान वळवून तो जाईपर्यंत पाहिला.